विहिरीवरच्या मोटरला व्होल्टेज पोचतंय का? केबलचा हिशोब घरीच करा



ऐन उन्हाळ्यात ऊस तहानलेला असतो, नाहीतर कांदा पोसायला लागलेला असतो. थ्री फेज ठरावीक तासांचीच. आपण धावत विहिरीवर जातो, बटण दाबतो, आणि मोटर नुसती ‘घुं’ करून गप्प बसते. दोन-चार वेळा असं झालं की एक दिवस जळका वास येतो. मग मोटर वर काढा, गाडीत टाका, तालुक्याला भरायला न्या, तिथं चार मोटरी आधीच रांगेत. आठ दिवस पाणी नाही. भरणावळीचा खर्च वेगळा आणि करपलेल्या पिकाचा वेगळा.

अशा वेळी आपण म्हणतो, “व्होल्टेजच नाही हो!” आणि सारा दोष डीपीवर टाकतो. पुष्कळदा तो खराही असतो. पण कित्येक ठिकाणी खांबापाशी व्होल्टेज बरं असतं आणि मोटरपर्यंत जाता जाता ते आपल्याच केबलमध्ये मुरतं. ते किती मुरतं हे शोधायला इंजिनियर लागत नाही. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे. घरात सातवी-आठवीतलं पोर असेल तर त्याला जवळ बसवा आणि हे पत्रक वाचता वाचता हिशोब करा.

पाइपातलं पाणी आणि तारेतली वीज

समजा, विहिरीपासून लांबच्या तुकड्यात तुम्ही दीड इंची पाइप टाकली. विहिरीजवळ पाणी जोरात पडतं, पण टोकाला धार मंद होते. पाणी कुठं गळालं का? नाही. लांब आणि अरुंद पाइपात घासून त्याचा जोर कमी झाला. तीच पाइप तीन इंची असती तर टोकालाही जोर राहिला असता.

विजेचंही तसंच आहे. व्होल्टेज म्हणजे विजेचा जोर. अँपिअर म्हणजे वाहणारी वीज, म्हणजेच करंट. तार लांब आणि बारीक असेल तर वाटेत जोर कमी होतो. याला व्होल्टेजची घट म्हणायचं. ही घट फुकट जात नाही, तिची उष्णता होते आणि केबल कोमट लागते.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. पाइपच्या टोकाचा वॉल बंद असला की टोकालाही पुरा दाब दिसतो, कारण पाणी वाहतच नाही. तसंच मोटर बंद असताना केबलच्या टोकाला मीटर लावलं तर तिथंही पुरं व्होल्टेज दिसतं. वीज वाहायला लागली की घट सुरू होते. म्हणून “मी बघितलं, विहिरीवर ४१५ आहे” असं कोणी म्हणालं, तर आधी विचारा, “मोटर चालू होती का बंद?” बंद मोटरवर घेतलेलं माप घटीसाठी काही कामाचं नाही.

व्होल्टेज कमी पडलं की मोटरचं काय बिघडतं?

मोटरचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर जोर १०० चा ८१ राहतो. २० टक्के कमी झालं तर ६४. म्हणजे व्होल्टेज पाचवा हिस्सा गेलं की जोर तिसऱ्या हिश्शाहून जास्त जातो. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे त्या क्षणी केबलमधली घटही कित्येक पटीनं वाढते. मोटर घुमते पण उचलत नाही, ती याच कारणानं.

चालू झालेल्या मोटरचं दुखणं निराळं. पंपाचं काम तर तेवढंच असतं. जोर कमी मिळाला की मोटर करंट जास्त ओढून ते भागवते. ४१५ व्होल्टवर ८ अँपिअर घेणारी मोटर ३५० व्होल्टवर साडेनऊ अँपिअरच्या आसपास घेते. करंट २० टक्क्यांनी वाढला की वायंडिंगमधली उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते, आणि वाढलेल्या करंटमुळे केबलमधली घटही आणखी वाढते. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! वार्निश करपतं, इन्सुलेशन जातं आणि मोटर जळते.

हिशोबाला लागतात चार गोष्टी

पहिली, मोटरचे अँपिअर. मोटरवर किंवा पॅनेलवर पत्र्याची पाटी असते, त्यावर हा आकडा असतो. पाटी पुसली असेल तर वायरमनकडून क्लॅम्प मीटर लावून चालू मोटरचा करंट मोजून घ्या. थ्री फेज मोटरला ढोबळ मानानं एका हॉर्सपॉवरला दीड अँपिअर धरतात, पण सबमर्सिबलला त्याहून थोडा जास्त लागतो. म्हणून पाटीवरचा आकडा सर्वांत चांगला.

दुसरी, केबलची लांबी. मीटरच्या पेटीपासून थेट मोटरपर्यंत, एकेरी. बोअर असेल तर आत सोडलेली केबलही धरायची. ती बहुतेक जण विसरतात, कारण ती डोळ्याला दिसत नाही. आपण फुटात मोजतो, तर १०० मीटर म्हणजे ३२८ फूट.

तिसरी, केबलची जाडी. दुकानात आपण ‘अडीच एमएम’, ‘चार एमएम’ म्हणतो, ते तारेच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ असतं, चौरस मिलिमीटरमध्ये. केबलच्या अंगावर ते छापलेलं असतं. वरच्या प्लॅस्टिकची जाडी बघून फसू नका, विजेला वाट देते ती आतली धातूची तार.

चौथी, धातू कोणता? तांबं की ॲल्युमिनियम? तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियममध्ये घट तांब्याच्या दीडपटीहून जास्त होते. १० एमएम ॲल्युमिनियमची केबल साधारण ६ एमएम तांब्याच्या बरोबरीची समजा.

हिशोबाची रीत

१ एमएम जाडीच्या, कामानं थोड्या तापलेल्या तांब्याच्या १०० मीटर तारेचा विरोध सुमारे २ ओहम असतो. ॲल्युमिनियमचा सुमारे ३.३ ओहम. जाडी दुप्पट केली की विरोध निम्मा, लांबी दुप्पट केली की विरोध दुप्पट. घट म्हणजे करंट गुणिले विरोध.

सिंगल फेजमध्ये वीज एका तारेनं जाते आणि दुसरीनं परत येते, म्हणून दुपटीनं धरायचं. थ्री फेजमध्ये तिन्ही तारांतले करंट एकाच वेळी चढत-उतरत नाहीत, म्हणून तिथं २ ऐवजी १.७३ नं गुणायचं. हे सगळं एकत्र केलं की एक सोपं सूत्र तयार होतं:

घट (व्होल्ट) = अँपिअर × शेकड्यातले मीटर × आकडा ÷ एमएम

यातला ‘आकडा’ असा:

थ्री फेज, तांबं: ३.५
थ्री फेज, ॲल्युमिनियम: ५.७
सिंगल फेज, तांबं: ४
सिंगल फेज, ॲल्युमिनियम: ६.६

‘शेकड्यातले मीटर’ म्हणजे २५० मीटर असेल तर २.५ आणि ८० मीटर असेल तर ०.८. या रीतीनं येणारं उत्तर खऱ्या घटीपेक्षा किंचित जास्त येतं. ते बरंच आहे, आपण सुरक्षित बाजूला राहतो.

आता घट किती चालेल? मीटरच्या पेटीपासून मोटरपर्यंत ३ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. ५ टक्क्यांच्या पुढं जाऊ देऊ नका. थ्री फेजच्या ४१५ व्होल्टमध्ये ३ टक्के म्हणजे सुमारे १२ व्होल्ट आणि ५ टक्के म्हणजे सुमारे २१ व्होल्ट. सिंगल फेजच्या २३० व्होल्टमध्ये ३ टक्के म्हणजे सुमारे ७ आणि ५ टक्के म्हणजे साडेअकरा व्होल्ट.

उदाहरण पहिलं: विहिरीवरची ५ हॉर्सपॉवर

समजा, पाटीवर ८ अँपिअर आहेत. खांबाजवळच्या पेटीपासून विहीर २५० मीटर. केबल तांब्याची, अडीच एमएम.

८ × २.५ × ३.५ = ७० आणि ७० ÷ २.५ = २८ व्होल्ट.

४१५ तले २८ म्हणजे पावणेसात टक्के. जास्त झाले. आता तोच ७० चा आकडा धरून दुसऱ्या जाड्या बघू:

४ एमएम: ७० ÷ ४ = १७.५ व्होल्ट, सव्वाचार टक्के.
६ एमएम: ७० ÷ ६ = ११.७ व्होल्ट, पावणेतीन टक्क्यांच्या आसपास.
१० एमएम: ७० ÷ १० = ७ व्होल्ट, पावणेदोन टक्क्यांच्या आत.

म्हणजे ४ एमएम चालवून घेता येईल, ६ एमएम चांगली. १० एमएम घेतली तर खर्च वाढेल आणि फायदा थोडाच.

इथं एक प्रश्न येईल. “दुकानदार तर म्हणाला, पाचच्या मोटरला अडीच एमएम मस्त चालते.” त्याचंही खोटं नाही. अडीच एमएमची तार ८ अँपिअरनं जळणार नाही. पण त्यानं हॉर्सपॉवर विचारली, अंतर विचारलं नाही. २५ मीटरवर तीच केबल लावली तर घट २.८ व्होल्ट, कुणाला कळणारही नाही. २५० मीटरवर दहापट. म्हणून दुकानात जाताना अंतर मोजून जा आणि तुम्हीच सांगा.

आता संध्याकाळची वेळ घ्या. सगळ्यांच्या मोटरी चालू, पेटीवरच व्होल्टेज ३७५. करंट वाढून ९ अँपिअर झाला. अडीच एमएमच्या केबलमध्ये घट ९ × २.५ × ३.५ ÷ २.५ = ३१.५ व्होल्ट. मोटरला मिळाले साधारण ३४३. मोटरीच्या पुस्तिकेत किती कमी व्होल्टेजपर्यंत चालवायची ते दिलेलं असतं. तिथं ‘१५ टक्के कमीपर्यंत’ लिहिलं असेल, तर ४१५ ची खालची हद्द ३५३ व्होल्ट. आपण तिच्या खाली गेलो! तीच केबल ६ एमएम असती तर घट १३ व्होल्ट आणि मोटरला ३६२ मिळाले असते. पेटीवरचं व्होल्टेज तुमच्या हातात नाही, पण या १८ व्होल्टनी मोटर वाचली असती.

उदाहरण दुसरं: सिंगल फेजचं बोअर

वस्तीवर दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज सबमर्सिबल आहे. पाटीवर १० अँपिअर. पेटीपासून बोअर ५० मीटर, आत मोटर १०० मीटरवर. एकूण १५० मीटर, तांब्याची केबल.

१० × १.५ × ४ = ६०.

२.५ एमएम: २४ व्होल्ट, म्हणजे २३० च्या १० टक्क्यांहून जास्त.
४ एमएम: १५ व्होल्ट, साडेसहा टक्के.
६ एमएम: १० व्होल्ट, सव्वाचार टक्क्यांच्या आसपास.

बघा, मोटर लहान म्हणून केबल बारीक चालेल असं नाही. सिंगल फेजमध्ये जोर मुळात २३० च, करंट जास्त आणि जाण्या-येण्याच्या दोन्ही तारांत घट. म्हणून खोल बोअरला सिंगल फेज मोटर घेताना केबलचा खर्च आधी धरा. थ्री फेजची सोय असेल तर तीच परवडते.

उदाहरण तिसरं: दोन तुकड्यांची केबल

साडेसात हॉर्सपॉवरची थ्री फेज सबमर्सिबल, १३ अँपिअर. जमिनीवरून ३०० मीटर १० एमएम ॲल्युमिनियम आणि बोअरमध्ये १२० मीटर ४ एमएम तांबं. अशा वेळी प्रत्येक तुकड्याची घट वेगळी काढून बेरीज करायची.

जमिनीवरची: १३ × ३ × ५.७ ÷ १० = २२.२ व्होल्ट.
बोअरमधली: १३ × १.२ × ३.५ ÷ ४ = १३.७ व्होल्ट.
एकूण: सुमारे ३६ व्होल्ट, पावणेनऊ टक्के.

आता पैसा कुठं घालायचा? ज्या तुकड्यात जास्त मुरतं तिथं आधी. जमिनीवर २५ एमएम ॲल्युमिनियम टाकली तर तिथली घट ९ व्होल्टच्या आत येते आणि एकूण साडेबावीस. पुढच्या वेळी मोटर वर काढाल तेव्हा बोअरमध्ये ६ एमएम सोडा, तिथली घट ९ होईल. एकूण १८ व्होल्ट, सव्वाचार टक्के. एकदम सगळं करायला पैसे नसतील तर असं दोन टप्प्यांत करता येतं.

हा हिशोब मोटरीला तीन तारा जात असतील तेव्हाचा. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर स्टार्टरपासून मोटरपर्यंत सहा तारा जातात. तेवढ्या तुकड्याची घट वरच्या उत्तराच्या दोन-तृतीयांश धरा.

उलटा हिशोब: कोणती केबल घेऊ?

नवी केबल घ्यायची असेल तर सूत्र उलटं करायचं.

लागणारी एमएम = अँपिअर × शेकड्यातले मीटर × आकडा ÷ चालणारी घट

पहिल्याच उदाहरणात: ८ × २.५ × ३.५ = ७०, ७० ÷ १२ = ५.८. बाजारात त्याच्या वरची मिळते ती ६ एमएम. नेहमी वरचीच घ्यायची, खालची नाही. पुढं मागं मोटर मोठी करायचा विचार असेल तर हिशोब मोठ्या मोटरचा करा. केबल एकदाच गाडली जाते.

दोष केबलचा की डीपीचा?

केबलवर पैसे घालण्याआधी हे शोधा. वायरमनला बोलवा आणि त्याच्याकडून तीन मापं घ्या.

एक, मोटर बंद असताना पेटीवरचं व्होल्टेज.
दोन, मोटर पाण्यावर चालू असताना पेटीवरचं.
तीन, मोटर चालू असताना मोटरीच्या टोकाचं.

पहिल्या-दुसऱ्यातला फरक मोठा असेल तर दोष तुमच्या मागं आहे, म्हणजे लाइन किंवा डीपी. पहिलंच माप कमी असेल तरी तेच. तिथं तुमची केबल कितीही जाड केली तरी दुखणं पुरतं जाणार नाही. शेजाऱ्यांना घेऊन वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या, आणि तारीख, वेळ व मापं लिहून द्या. नुसतं ‘व्होल्टेज नाही’ म्हणण्यापेक्षा आकडे असलेल्या अर्जाला वजन येतं.

दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक मोठा असेल तर तो दोष आपला. तो सूत्रानं काढलेल्या घटीशी ताडून बघा. हिशोबानं १२ यायला हवेत आणि मापात २५ येत असतील, तर केबलमध्ये कुठंतरी जोड खराब आहे.

सबमर्सिबल मोटर पाण्यात असते, तिथं तिसरं माप घेताच येत नाही. पॅनेलवरचा काटा पॅनेलपर्यंतचंच व्होल्टेज दाखवतो, खालच्या मोटरीचं नाही. म्हणून बोअरवाल्यांना कागदावरच्या हिशोबाची गरज जास्त.

जोडांकडे बघा

एका सैल जोडाचा विरोध अर्धा ओहम जरी झाला, तरी ८ अँपिअरला तिथं ४ व्होल्ट जातात आणि ३२ वॅटची उष्णता त्या एका बोटभर जागेत होते. टेप वितळते, तार काळी पडते, आणि जवळ कडबा किंवा पाचट असेल तर आग लागायला वेळ लागत नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं पिळून जोडू नका. दोन धातूंच्या जोडाला ओल लागली की तो कुजतो. त्यासाठी मिळणारे योग्य लग वापरा. किटकॅटचे पत्रे, स्टार्टरचे काळे पडलेले पॉइंट, मेन स्विचचे स्क्रू हे हंगामाआधी एकदा वायरमनकडून साफ आणि घट्ट करून घ्या. पुष्कळदा नवी केबल न घेता एवढ्यानंच काम भागतं.

कपॅसिटरचा उपयोग

योग्य कपॅसिटर लावला की लाइनमधला करंट कमी होतो आणि घटही कमी होते. ३ हॉर्सपॉवरला १, पाचला २ आणि साडेसातला ३ केव्हीएआर असं साधारण माप आहे. पण कपॅसिटर जिथं लावाल त्याच्या मागच्या तारेतलाच करंट कमी होतो. तो पेटीजवळ लावला तर डीपीला आणि शेजाऱ्यांना फायदा, तुमच्या पेटी ते विहीर केबलला नाही. विहिरीवर मोटरीजवळ लावला तर दोघांनाही. सगळ्यांनी लावले तर एका डीपीवरच्या सगळ्यांचंच व्होल्टेज सुधारतं.

आणि ऑटोस्विच मात्र काढा. वीज येताक्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात, प्रत्येक मोटर पाच-सहा पट करंट ओढते, आणि मग कुणाचीच धड उचलत नाही. डीपी जळाली तर सारं शिवारच कोरडं.

वीज फुकट, मग घटीची चिंता कशाला?

महाराष्ट्रात २०२४ साली साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत विजेची योजना आली. त्यामुळं कोणी म्हणेल, तारेत युनिट गेले तर आपलं काय जातं? पहिल्या उदाहरणात अडीच एमएमच्या केबलमध्ये ३८४ वॅट वाया जातात. वर्षाला १००० तास मोटर चालली तर ३८४ युनिट. ६ एमएममध्ये १६० च. बिल येवो न येवो, ही वीज कुणाच्या तरी मोटरीला कमी पडते. आणि वायंडिंग जळतं ते तर आपलंच. मोटर भरायचा खर्च आणि केबलमधला फरक, दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून बघा. ठरवायला सोपं जाईल.

सौर पंप आणि कमी व्होल्टची यंत्रं

पॅनेलवरून येणारी डीसी वीजही दोन तारांनीच जाते-येते, म्हणून तिथं सिंगल फेजचाच आकडा वापरा: तांब्याला ४. व्होल्टेज जितकं कमी, तितकी घट जास्त बोचते. २४ व्होल्टचा लहान पंप, ५ अँपिअर, ५० मीटर, अडीच एमएम तांबं. घट ५ × ०.५ × ४ ÷ २.५ = ४ व्होल्ट. ४१५ मध्ये ४ व्होल्टचं काही वाटत नाही, पण २४ मधला तो सहावा हिस्सा झाला. म्हणून पॅनेल पंपाच्या जवळ ठेवा आणि केबल पुरवठादारानं दिली त्याहून बारीक करू नका. मोठ्या इमारतींत आणि गिरण्यांत आगीची सूचना देणारे भोंगे बहुधा २४ व्होल्टवर चालतात. तारेच्या शेवटी असलेला भोंगा वाजण्याइतकं व्होल्टेज तिथं पोचतं का, हे तिथले लोक याच रीतीनं तपासतात.

जिवाची काळजी

हिशोब तुम्ही करा, पण चालू लाइनवर हात वायरमननंच घालावा. जोड करणं, केबल बदलणं ही कामं मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून जवळ ठेवून आणि कोरड्या जागी उभं राहूनच व्हायला हवीत. मोटर आणि पॅनेलला अर्थिंग हवंच. व्होल्टेज कमी असताना ओव्हरलोड रिले सारखी पडते म्हणून तिचा आकडा वाढवू नका, की तिला बांधून ठेवू नका. रिले पडते ती मोटर वाचवायलाच. एखादा फेज गेला तर मोटर थांबवणारं सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घ्या. फेज गेल्यानं जळणाऱ्या मोटरी जाड केबलनं वाचत नाहीत.

ध्यानात ठेवा

१. पाटीवरचे अँपिअर, पूर्ण लांबी, एमएम आणि धातू, या चार गोष्टी लिहून काढा.
२. थ्री फेज तांब्याला ३.५ आणि सिंगल फेज तांब्याला ४. ॲल्युमिनियमला ५.७ आणि ६.६.
३. बोअरमधली केबल लांबीत धरा.
४. घट ३ टक्क्यांच्या आत चांगली, ५ च्या पुढं नको.
५. माप मोटर चालू असतानाच घ्या.
६. केबल बदलण्याआधी जोड आणि पॉइंट तपासा.
७. दोष डीपीचा असेल तर आकड्यांसह लेखी अर्ज द्या.

मोटरचे अँपिअर, केबलची लांबी आणि जाडी एका कागदावर लिहून स्टार्टरच्या पेटीत आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. मोटर बदलताना, केबल घेताना किंवा वायरमन आल्यावर तोच कागद उपयोगी पडेल. शेजाऱ्याची मोटर सारखी जळत असेल तर त्याच्या केबलचा हिशोबही एकदा करून द्या.